शेतात किंवा पाया खोदताना सापडलेलं जुनं नाणं: बेळगाव सीमाभागातून वारंवार येणारे प्रश्न

खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी, गोकाक आणि बेळगाव शहरातून गेली अनेक वर्षं मला फोटो येतात. कुणाला नांगरटीत नाणं मिळालेलं असतं, कुणाला जेसीबीच्या मातीत. आता मेटल डिटेक्टर घेऊन हिंडणारी तरुण मुलंही विचारतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहिली आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. नाणं आत्ताच सापडलंय. सगळ्यात आधी काय करू?

पुसू नका. जिथं मिळालं त्या जागेचा फोटो काढा, त्यात बांध, झाड, विहीर अशी एखादी कायमची खूण येऊ द्या. किती खोलीवर होतं, एकटं होतं की सोबत खापर, विटेचे तुकडे, राख, कोळसा होता, हे त्याच दिवशी वहीत लिहा. सर्व्हे नंबर लिहा, तारीख लिहा.

नाण्यावर काय आहे ते दहा वर्षांनीही वाचता येतं. ते कुठून आलं हे मात्र तुम्ही आज लिहिलं नाही तर परत कधीच कळत नाही. सातवाहनांचं शिशाचं नाणं बाजारातून आलं असेल तर ते फक्त एक नाणं. तेच वडगावच्या एखाद्या घराचा पाया खोदताना, जुन्या विटांच्या थराशेजारी मिळालं असेल तर ते त्या वस्तीचं वय सांगतं.

एकापेक्षा जास्त नाणी, मडकं, डबा किंवा सोनं दिसलं तर खोदणं तिथंच थांबवा आणि प्रश्न १४ वाचा.

२. चिंच, लिंबू किंवा पितांबरी लावून घासलं तर अक्षरं स्पष्ट दिसतील ना?

नाही. अक्षरं जातील. तांब्याच्या नाण्यावर शेकडो वर्षांत जो हिरवा-तपकिरी थर बसतो, त्या थरातच पुष्कळदा अक्षरांचा उठाव टिकलेला असतो. आंबट पदार्थ तो थर खातो आणि खाली खड्डे पडलेलं गुलाबी तांबं उरतं. शाळेत असताना मी एक शिवराई (तांब्याचं जुनं मराठी नाणं, प्रश्न ५) चिंचेत रात्रभर भिजत ठेवली होती. सकाळी ती झळझळीत होती, आणि ‘छत्र’ मधला ‘त्र’ कायमचा गेला होता. ती शिवराई आजही माझ्याकडे आहे.

चिखल असेल तर साध्या, शक्यतो डिस्टिल्ड पाण्यात भिजवा आणि मऊ ब्रशनं हलकेच काढा. सावलीत पूर्ण सुकवा. यापुढं काही करू नका. धातूप्रमाणं थोडा फरक पडतो:

चांदी काळी पडते, ते गंधकाचं काम. काळपटपणा राहू द्या. सोनं गंजत नाही, त्यामुळं त्याला घासायचं कारणच नाही. तांब्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी येत असेल आणि पुसल्यावर पुन्हा येत असेल तर तो क्लोराइडचा रोग आहे. ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं, कोरड्या डबीत सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. शिसं लाकडी पेटीत ठेवू नका, लाकडातून निघणाऱ्या आम्लानं ते पांढरं पडून भुगा होतं. शिशाला हात लावल्यावर हात धुवा आणि लहान मुलांपासून ते लांब ठेवा. लोखंडी वस्तू मातीतून बाहेर काढल्यावर वेगानं गंजतात, त्यांना पाणीही लावू नका.

३. फोटो पाठवला तरी तुम्ही वजन का विचारता?

कारण फोटोत दहा ग्रॅमचं आणि तीन ग्रॅमचं नाणं सारखंच दिसतं. ओळखीच्या सराफाकडं जाऊन दशांशात वजन करून घ्या, पट्टीनं व्यास मोजा, लोहचुंबक लावून पाहा. चुंबकाला चिकटलं तर ते जुनं सोन्या-चांदीचं किंवा तांब्याचं नाणं नव्हे.

काही वजनं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. चांदीचं आहत, म्हणजे ठसे मारलेलं सगळ्यात जुनं नाणं साधारण ३.४ ग्रॅम. विजयनगरचा सोन्याचा वराह म्हणजे होनही तेवढाच, ३.४ च्या आसपास, त्याचा अर्धा १.७. मोगल रुपया ११.४ च्या जवळ. १८३५ नंतरचा कंपनीचा आणि राणीचा रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. म्हणूनच आपल्या आज्या दागिना तोलायला तागडीत रुपया टाकत. कंपनीचा तांब्याचा पाव आणा ६.४८ ग्रॅम.

फोटो दिवसाउजेडी, बाजूनं तिरका प्रकाश पडेल असा, दोन्ही बाजूंचा काढा. फ्लॅश नको.

४. आमच्या भागात कुठल्या राजवटींची नाणी निघतात?

इतकी की एका गावच्या शेतात दोन हजार वर्षं सापडू शकतात. हा मुलूख घाटावरचा, कोकण-गोव्याच्या वाटेवरचा आणि कायम कुणाच्या तरी सीमेवरचा.

सगळ्यात जुनी म्हणजे आहत नाणी. चांदीचे कापलेले ओबडधोबड तुकडे, एका बाजूला पाच वेगवेगळे ठसे: सूर्य, टेकडी, प्राणी वगैरे. नाव नाही, अक्षर नाही.

त्यानंतर सातवाहन. बेळगावलगतच्या वडगाव-माधवपूरच्या उत्खननात त्या काळचं विटांचं नगरच मिळालं. त्यांची नाणी शिसं, तांबं आणि पोटीन या मिश्रधातूची. एका बाजूला हत्ती किंवा कमानींची टेकडी, दुसऱ्या बाजूला एकमेकांना जोडलेली चार वर्तुळं. कडेनं ब्राह्मी अक्षरं असतात, पण ती बरेचदा नाण्याबाहेर गेलेली असतात. कोल्हापूरकडं मिळणारी शिशाची जड नाणी वेगळी. त्यांवर ताणलेलं धनुष्य आणि बाण असतो आणि विळिवायकुर, सिवलकुर अशी कुर राजांची नावं असतात. निपाणी-चिकोडी भागातून शिशाचं नाणं दाखवायला आलं की मी आधी धनुष्य शोधतो.

हलशी म्हणजे कदंब राजांची एक जुनी राजधानी, पलाशिका. पुढं गोव्याच्या कदंबांनी तिथं १२ व्या शतकात भूवराह नरसिंहाचं मंदिर बांधलं. त्यांची सोन्याची नाणी अप्रतिम आहेत: एका बाजूला झेप घेणारा सिंह, दुसऱ्या बाजूला नागरीत ‘श्रीसप्तकोटीश’ देवाचा वरप्रसाद मिळालेला राजा अशा अर्थाचा लेख. हाच तो सप्तकोटीश्वर, ज्याचं नार्वे इथलं मंदिर शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा उभं केलं. सौंदत्तीचे रट्ट पुढं बेळगावला राजधानी घेऊन आले, किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ ची, त्यांच्याच काळातली.

विजयनगरची नाणी ओळखायला सोपी: लहान, जाड, गोल. गंडभेरुंड हा दोन डोक्यांचा पक्षी चोचीत-पंजात हत्ती धरलेला असेल तर बहुधा अच्युतराय, बसलेला बाळकृष्ण असेल तर कृष्णदेवराय, शंकर-पार्वतीची जोडी असेल तर आधीचे राजे. फणम म्हणजे जोंधळ्याएवढा सोन्याचा कण, अर्ध्या ग्रॅमपेक्षाही हलका. माती चाळताना पुष्कळदा दिसतही नाही.

मग बहमनी, आदिलशाही, मोगल, मराठे, टिपू (प्रश्न ५ ते ७), गोव्याचे पोर्तुगीज (प्रश्न ८) आणि इंग्रज (प्रश्न ९).

५. ‘श्री राजा शिव’ असं लिहिलंय. हे शिवाजी महाराजांनी पाडलेलं नाणं आहे का?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि उत्तर ऐकून माणसं हिरमुसतात, म्हणून नीट सांगतो.

तांब्याच्या या नाण्याला शिवराई म्हणतात. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र / पति’. राज्याभिषेकापासून, म्हणजे १६७४ पासून ती पाडली गेली. पण महाराजांनंतरही तोच मजकूर जवळजवळ दीडशे वर्षं चालू राहिला, साताऱ्याच्या छत्रपतींच्या, पेशव्यांच्या आणि ठिकठिकाणच्या खासगी टांकसाळींतून. १८१८ मध्ये मन्रोनं बेळगावचा किल्ला घेतला, इंग्रजी अंमल आला, तरी आपल्या बाजारात शिवराई चालतच होती. लोकांचा तिच्यावर विश्वास होता.

म्हणून तुमच्या हातात आहे ती बहुतेक वेळा १८ व्या किंवा १९ व्या शतकाच्या सुरुवातीची असते. ओळखायचं असं. जुन्या शिवराया जाड, चांगल्या वजनाच्या, ११ ते १३ ग्रॅमपर्यंतच्या, अक्षर सुबक, भोवती टिंबांचं वर्तुळ. पुढं पुढं वजन घटतं आणि अक्षर बिघडतं. ओळींच्या मध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती ‘दुदांडी’ शिवराई, हमखास उशिराची. ‘सिव’, ‘सीव’, ‘पती’ अशी वेगवेगळी रूपं सापडतात, त्यावरून खोटं ठरवू नका. टांकसाळीतले ठसे कोरणारे कारागीर वेगवेगळे होते.

महाराजांचा सोन्याचा होन अतिशय दुर्मीळ. मला आजवर ‘होन’ म्हणून दाखवलेले सगळे नवे, ओतीव नमुने निघाले (खोटं कसं ओळखायचं ते प्रश्न १०).

पण उशिराची शिवराई म्हणजे बिनमोलाची नव्हे. कुठल्या गावात कुठल्या घडणीची शिवराई मिळते याची नोंद झाली तर सीमाभागातल्या पेठांचा व्यवहार कळेल. गाव आणि वजन तेवढं कळवा.

६. उर्दूसारखी अक्षरं आहेत. मुसलमानी नाणं असेल ना?

लिपी फारसी-अरबी आहे एवढंच त्यावरून कळतं. राज्य कुणाचं ते वेगळं ठरवावं लागतं.

तांब्याचं, जाड, गोलसर आणि ‘अली बिन अबी तालिब’, ‘असदुल्लाह’ असे शब्द असलेलं नाणं पहिल्या अली आदिलशहाचं. विजापूर १६८६ मध्ये औरंगजेबानं घेतलं, तोवर आदिलशाही तांबं आपल्याकडं खेळत होतं. औरंगजेबाच्या चांदीच्या रुपयावर ‘सिक्का ज़द दर जहाँ चू बद्र-ए-मुनीर’ हा फारसी शेर असतो.

खरी गंमत पुढं आहे. मराठ्यांचे चांदीचे रुपयेही मोगल बादशहाच्या नावानंच पाडले जात, कारण व्यापारी तेच नाव ओळखत. मिरजेच्या टांकसाळीचं नाव नाण्यावर ‘मुर्तजाबाद’ येतं. ‘आझमनगर गोकाक’ हे तर आपल्याच गोकाकचं. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं गोकाकचा रुपया ‘दिल्लीचा’ समजून कपाटात ठेवला होता. टांकसाळीचं नाव वाचून दाखवल्यावर तो बराच वेळ नाणं हातातच धरून बसला.

तांब्यावर हत्ती आणि मागं फारसी असेल तर टिपू सुलतान. त्यानं धारवाडच्या टांकसाळीला ‘खुर्शीद सवाद’ असं नाव दिलं होतं, नाण्यावर ‘पट्टण’ असेल तर ते श्रीरंगपट्टण. हत्ती पाहून सातवाहन समजू नका: सातवाहनांचं नाणं बहुधा शिशाचं किंवा पोटीनचं, आणि त्याच्या मागं चार वर्तुळं असतात.

७. नाण्यावर वर्ष दिसतं, पण ते इसवी सनाशी जुळत नाही.

तो सन वेगळा असतो. शक असेल तर ७८ मिळवा: शके १५९६ म्हणजे १६७४. हिजरी असेल तर ०.९७ नं गुणून ६२२ मिळवा: हिजरी १०७० म्हणजे १६५९-६०. मराठी कागदांतला शुहूर सन असेल तर साधारण ५९९ मिळवा, फसली असेल तर ५९०.

फारसी आकड्यांत शून्य म्हणजे नुसतं टिंब. सात वर उघडा, आठ खाली उघडा. नाणं उलटं धरलं की सातचा आठ होतो, आणि ही चूक जाणकारही करतात. टिपूच्या नाण्यांची आणखी एक खोड आहे: नंतरच्या वर्षांत त्यानं मौलुदी सन वापरला आणि आकडे उजवीकडून डावीकडं लिहवले.

८. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला ढाल आणि ‘इंडिया पोर्तुगेझा’. हे इथं कसं?

खानापूर, जोयडा, सुपा, कारवार या पट्ट्यात हे अगदी स्वाभाविक आहे. गोवा शेजारीच, मीठ-मासळी आणि धान्याचा व्यापार रोजचा. सगळ्यात जास्त दिसतात ती १८८१ ची पाव आणि अष्टमांश टंग्याची (टंगा हे गोव्यातलं जुनं चलन) तांब्याची नाणी, त्यांवर पोर्तुगालच्या लुईस राजाचं डोकं. त्याआधीची बझारुको म्हणजे कथिलाची किंवा तांब्याची, ओबडधोबड, त्यांवर क्रॉस किंवा ढाल. ती इतकी साधी दिसतात की लोक ‘वायसर’ समजून टाकून देतात. टाकू नका.

९. राणीचा रुपया आणि भोकाचा पैसा मिळालाय. किती लाख येतील?

लाख नाही. भोकाचा पैसा (१९४३ ते ४७) कोट्यवधींनी निघाला. राणीच्या रुपयांत १८६२ हे वर्ष पुढची बरीच वर्षं नाण्यावर तसंच ठेवलं होतं, त्यामुळं ‘१८६२ चा’ रुपयाही सर्रास मिळतो. १८७६ पर्यंत ‘क्वीन’, १८७७ पासून ‘एम्प्रेस’ असं लिहिलेलं असतं. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसत होता, त्यावरून ओरड झाली आणि नाणी परत घेतली गेली. तो आणि १९३९ चा रुपया मात्र संग्राहक शोधतात. १९४० ते ४५ च्या रुपयात चांदी निम्मीच.

‘रिझर्व्ह बँक जुनी नाणी लाखांत घेते, आधी फी भरा’ असा फोन आला तर तो फसवणुकीचा आहे. बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे की ती असा कुठलाही व्यवहार करत नाही आणि त्यासाठी पैसे मागत नाही.

१०. ईस्ट इंडिया कंपनी १८१८, एका बाजूला हनुमान. किंवा राम दरबार. खरं आहे का?

खोटं आहे. कंपनीनं असं नाणं पाडलंच नाही. ‘अर्धा आणा’ ऐवजी विचित्र इंग्रजी अक्षरं, ओम, कमळ, सारखा गुळगुळीत पिवळा रंग: हे जत्रेतले आणि फेरीवाल्यांचे आधुनिक ठोकळे. देवळांतून वाटल्या जाणाऱ्या जुन्या रामटंका वेगळ्या, त्या प्रसादाच्या. त्यांना नाणं म्हणता येणार नाही, पण त्या फसवणूकही नव्हेत.

ओतीव नकलेत पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे असतात आणि कडेला जोडाची रेघ. खरं नाणं ठोकून पाडलेलं असतं. तांदूळ ओढून घेणारं म्हणजे ‘राईस पुलर’ नाणं, इरिडियमचं भांडं, त्याला कोटींची किंमत देणारा परदेशी गिऱ्हाईक: या गोष्टींत आपल्या भागातली शहाणी माणसंसुद्धा जमीन विकून बसली आहेत. तांदळात लोखंडाचा कण लपवला की कुठलाही चुंबक तांदूळ ओढतो. यात काहीही तथ्य नाही.

११. केसांच्या आकड्यासारखी वाकवलेली चांदीची तार मिळाली. दागिना आहे का?

तारेवर ठसे आहेत का पाहा. चपट्या भागावर फारसी अक्षरांचे तुकडे असतील तर ती लारी आहे, म्हणजे नाणंच. इराणकडून आलेली ही पद्धत दाभोळच्या व्यापारात रुजली आणि आदिलशहांनीही लाऱ्या पाडल्या. वजन पावणेपाच ग्रॅमच्या आसपास. तार सरळ करू नका, मोडेल.

१२. नाणं नाही, पण लोखंडी आणि पितळी वस्तू खूप मिळतात. ओळखायच्या कशा?

अर्धचंद्रासारखे चपटे लोखंडी तुकडे, त्यांना तीन-चार भोकं: ती बैलाच्या खुराला मारायची पत्री. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन तुकडे. घोड्याचा नाल अखंड असतो. दर पाच फोटोंत एक पत्रीचा असतो आणि पाठवणारा ‘तलवारीचं पातं’ म्हणत असतो. पत्री टाकू नका, गाडीवाट कुठून जात होती ते त्यावरून कळतं.

बोराएवढी जड, करडी गोळी शिशाची असेल तर ती बंदुकीची. राजहंसगड, वल्लभगड अशा किल्ल्यांच्या पायथ्याच्या शेतांत अशा गोळ्या असणारच. दगडी किंवा लोखंडी तोफगोळा गोल आणि भरीव असेल तर घाबरू नका. पण पोकळ, तोंड असलेला, किंवा शेपटीसारखे पंख असलेला गोळा दिसला तर हात लावू नका, माणसं दूर करा आणि पोलिसांना फोन करा. तो आधुनिक दारूगोळा असू शकतो.

घुंगरू, चुन्याची डबी, अडकित्त्याचं पातं, कुलपाची पितळी चावी, जोडवी: ही बहुतेक शे-दीडशे वर्षांतली घरची वस्तू. आणि पुतळ्यांच्या माळेतली एखादी सुटी पुतळी मिळाली तर बारकाईनं पाहा. व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटवर संत आणि त्याच्यापुढं गुडघ्यावर बसलेला, निशाण धरलेला अधिपती असतो. आपल्याकडं त्या आकृत्यांवरून त्याला ‘पुतळी’ म्हणत, आणि पुष्कळ पुतळ्या त्याच्याच नकला आहेत.

१३. घटप्रभेत देवाचे टाक आणि छोट्या मूर्ती मिळाल्या. घरी आणू का?

नवा टाक केला की जुना, झिजलेला नदीत सोडायची पद्धत आहे. कुणीतरी श्रद्धेनं विसर्जन केलेलं ते आहे, मला ते उचलणं बरं वाटत नाही. दगडी मूर्ती, वीरगळ, गाढवाची आकृती कोरलेला गधेगाळ किंवा कुठलाही लेख असलेला दगड मात्र हलवूच नका. फोटो काढून पुरातत्त्व खात्याला कळवा. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींना १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली नोंदणी लागते.

१४. सापडलेलं सरकारला कळवावंच लागतं का?

जमिनीत दडलेला ठेवा असेल तर होय. कर्नाटकात १९६२ चा राज्याचा निखात निधी (म्हणजे जमिनीत पुरलेला ठेवा) कायदा आहे, महाराष्ट्रात १८७८ चा जुना भारतीय कायदा लागतो. १८७८ च्या कायद्यात दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा मिळाला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे: काय मिळालं, किती, कुठं, कधी. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा हजर करण्याची हमी द्यायची. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि सापडणाऱ्याचा वाटाही जातो.

व्यवहारात आधी गावच्या लेखापालाला किंवा तहसीलदारांना सांगा, पंचनामा मागा, त्याची प्रत घ्या. मोजदाद तुमच्यासमोर होऊ द्या आणि प्रत्येक नाण्याचा फोटो स्वतःकडं ठेवा.

१५. मग आम्हाला काहीच मिळत नाही?

१८७८ च्या कायद्यानुसार, ठेवा शंभर वर्षांहून जुना आणि बेवारस ठरला तर तो सापडणाऱ्याला मिळू शकतो. जमीन दुसऱ्याची असेल आणि त्यानं हक्क सांगितला तर, वेगळा करार नसल्यास, तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला. सरकारला तो संग्रहालयासाठी हवा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ते घेऊ शकतं. कर्नाटकातल्या प्रकरणात इथला कायदा पाहणारा वकील गाठा.

१६. शेत चंदगड तालुक्यात, घर बेळगावात. कुणाला कळवू?

वस्तू ज्या जमिनीत मिळाली त्या जिल्ह्याला. चंदगडचं शेत असेल तर कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना. वस्तू घरी आणून मग कळवू, असं करू नका. सीमा ओलांडली की दोन्हीकडचे प्रश्न मागं लागतात.

१७. मेटल डिटेक्टर घेऊन कुठं फिरता येईल?

स्वतःच्या शेतात, किंवा मालकाची लेखी परवानगी असलेल्या शेतात. संरक्षित स्मारकात खोदणं गुन्हा आहे. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढं २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. बेळगाव किल्ल्यात तर लष्कराचाही भाग आहे. हलशी, कोन्नूरच्या महापाषाणी थडग्यांचा परिसर, किल्ले, जुनी देवळं: तिथं यंत्र पिशवीतून काढूच नका.

शेतातही फक्त नांगराच्या थरापर्यंत, म्हणजे आधीच उलथलेल्या मातीत. त्याखाली आवाज आला तर ती जागा मार्क करून ठेवा आणि कळवा. खाली विस्कटलेलं काहीच नसतं, तिथला प्रत्येक खापराचा तुकडा त्याच्या जागी असतो, आणि एका खड्ड्यानं तो क्रम संपतो.

यंत्राबद्दल: खानापूरकडची तांबडी जांभ्याची माती लोहयुक्त असते, स्वस्त यंत्रं तिथं सारखी ओरडतात. ग्राउंड बॅलन्स करता येणारं, म्हणजे मातीतल्या लोहाचा आवाज वगळणारं यंत्रच तिथं चालतं. अथणी-गोकाकच्या काळ्या मातीतही बॅलन्स बघावा लागतो. यंत्रातला लोखंडाचा आवाज पूर्ण बंद करू नका, पत्र्या आणि गोळेही इतिहासच आहेत.

१८. मांत्रिक म्हणतो आमच्या वाड्याखाली गुप्तधन आहे, पूजा लागेल.

त्याला घरात घेऊ नका. अशा नादात माणसांचे बळी गेले आहेत, नंदी फोडले गेले आहेत, देवळांचे गाभारे उकरले गेले आहेत. महाराष्ट्रात २०१३ चा आणि कर्नाटकात २०१७ चा अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा आहे. पोलिसांत तक्रार द्या.

१९. आजीच्या पेटीतली नाणीही कळवायची?

नाही. ती जमिनीत दडलेली नव्हती, घरची मालमत्ता आहे. विकायची असतील तर पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो हे लक्षात ठेवा आणि परवानाधारक व्यापाऱ्याकडंच जा. शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशी पाठवणं खासगी माणसाला मना आहे. गोव्यातल्या किंवा दुबईतल्या नातेवाइकाच्या बॅगेतूनही नाही.

२०. प्रत्यक्ष कुठं दाखवता येईल?

जवळ धारवाड: कर्नाटक विद्यापीठाची कन्नड संशोधन संस्था. कोल्हापूरचं टाऊन हॉल संग्रहालय, जिथं ब्रह्मपुरीत मिळालेली रोमन समुद्रदेवाची ब्राँझ मूर्ती आहे. ती पाहिली की आपल्या नदीकाठांवर कुठकुठचा माल येत होता ते कळतं. नाण्यांसाठीच वाहिलेली संस्था नाशिकजवळ अंजनेरीला आहे. जाताना प्रश्न १ मधली वही सोबत न्या.

२१. पाच वर्षांपूर्वी हंडा मिळाला होता. भावकीत नाणी वाटली गेली, काही मोडीत गेली. आता काय करता येईल?

आधी वकिलाचा सल्ला घेऊन उशिरा का होईना, कळवा. स्वतःहून जाणं आणि धाड पडल्यावर सापडणं यांत फार फरक आहे.

आणि त्याआधी आज संध्याकाळीच सगळ्या भावंडांकडं जाऊन उरलेल्या प्रत्येक नाण्याचा फोटो आणि वजन घ्या. हंड्याचा अर्थ एकेका नाण्यात नसतो, सगळ्यांच्या मिळून असतो. त्यातलं सगळ्यात नवं नाणं हंडा कधी पुरला ते सांगतं. बाकीची नाणी त्या माणसाच्या हातून कुठकुठचा पैसा जात होता ते सांगतात. नव्वद टक्के शिवराया आणि एकच आझमनगरचा रुपया असेल, तर तो एक रुपया कुणाच्या वाट्याला गेला हे शोधा. मोडीत गेलेल्यांबद्दल ज्याला जे आठवतं ते लिहून घ्या: किती होती, हत्ती होता की अक्षरं, केवढी होती. हंड्याचं मडकं फेकलं असेल तर त्याची खापरं अजून उकिरड्यात किंवा बांधावर असतील. ती गोळा करून एका पिशवीत ठेवा.